रकाना सातवा

सहा रकाने भरून ठेवलेत, त्याला तीन वर्षं झाली.
सातव्यात एवढंच विचारलंय:
हा अभ्यासक्रम तुम्हाला आत्ताच का करायचा आहे?
शब्दमर्यादा तीनशे.

पहिल्या वर्षी मैथिलीची दहावी होती
आणि वर्ग पुण्याला, शनिवार-रविवार.
रविवारी रात्री चंदनापुरीचा घाट
ट्रकांच्या मागे रांगत उतरायचा,
सोमवारी सातला सातपूरला भट्टीसमोर उभं राहायचं.
निशिकांत म्हणाला, पुढच्या वर्षी बघू.
वाईट नाही बोलला. उठून चहासुद्धा केला त्यानं.

दुसऱ्या वर्षी नवी भट्टी आली.
कोठावदे साहेब म्हणाले, ही जरा स्थिरावू दे,
मग असं पत्र देतो की बघत राहतील.
भट्टी स्थिरावली.
साहेब मार्चात निवृत्त झाले.
आता गंगापूर रोडच्या ट्रॅकवर भेटतात, पांढऱ्या बुटांत.
पत्राचा विषय काढला की हसतात,
माझ्या सहीला आता बँकसुद्धा विचारत नाही गं.

तिसऱ्या वर्षी आड आले ती मीच.
पहिली फेरी चुकली, म्हटलं दुसरी आहे.
दुसरीत जागा असतात पण फी-सवलत संपलेली असते म्हणे,
आणि तिसऱ्या फेरीला काय, उरलेसुरले जातात.
फेऱ्या मोजता मोजता दिवाळी आली,
फराळाच्या डब्यांवर नावं घालत बसले.

सासरे म्हणतात, सिंहस्थ सरू दे.
सगळे रस्ते उकरलेत, द्वारकेलाच तास जातो,
एवढ्यात कुठं निघालीस?
त्यांच्या मुहूर्ताला गुरू लागतो, तोही सिंहेत.
मी मनात मोजलं:
दोन सिंहस्थांपूर्वी मी ट्रेनी होते.
मागच्या सिंहस्थात विभागप्रमुख.
आजही
विभागप्रमुख.

माहितीपत्रकात लिहिलंय, वर्गाचं सरासरी वय छत्तीस.
सरासरी आहे म्हणजे
कुणीतरी पंचेचाळीसचंही असणारच की.

परवा बाळनाथला शिकवत होते, नवीन पोरगा, निफाडचा.
गिअर नऊशे तीसवर, चार तास.
लवकर काढलास तर वरून चकाकेल, आत मऊ राहील.
विसरलास तर दाणा वाढतो,
दिसायला तस्साच, पण पहिल्या दणक्याला तडकतो.
रंगावर जाऊ नकोस. घड्याळ बघ.
त्यानं मान डोलावली आणि विचारलं,
मॅडम, तुमचे किती तास झाले?
तो डबल ड्युटीचं विचारत होता.
मला मात्र पटकन आकडा सांगता आला नाही.

शिफारस शेवटी अमृतकरनं दिली.
कडकपणा मोजायला त्याला मीच शिकवलेलं;
हाच कोर्स दोन वर्षांपूर्वी करून आला,
आता माझ्या रजेच्या अर्जावर त्याची सही असते.
पत्र चांगलं लिहिलंय. जरा जास्तच चांगलं,
निरोप समारंभाला वाचतात तसं.

आज शेवटची तारीख. रात्रीचे अकरा.
तीनशे शब्द लिहिले: नेतृत्व, दृष्टिकोन, उद्योगाचं भवितव्य.
वाचून पुसले.
मग लिहिलं ते पंचाऐंशी शब्दांत संपलं.
त्यात बाळनाथ नाही, भट्टीही नाही,
फक्त तारखा आहेत, कुठल्या वर्षी काय झालं त्याच्या.
उरलेली जागा कोरीच सोडली.

फी भरताना कळलं,
कार्डाला नंबर निशिकांतचा जोडलेला.
आतल्या खोलीत त्याच्या उशाशी फोन उजळला.
सहा आकडे, तीन मिनिटं.
हलवून उठवलं.
काय, कसलं, काहीच न विचारता
चष्म्याशिवाय त्यानं आकडे वाचले,
पाचवा चुकीचा.

पुन्हा पाठव, म्हणाला,
आणि या वेळी चष्मा शोधायला
दिवा लावला.
अकरा एक्कावन्न.